लाल पाण्याचा हापसा: मुंबईच्या मराठी मंडळीतल्या एका जोडप्याचं युगांडातलं सेवाकार्य

परदेशात सेवाकार्यासाठी जाणाऱ्या स्वयंसेवकांची तयारी करून घेताना हे प्रकरण आम्ही अभ्यासाला देतो. जोडपं आणि गाव अभ्यासासाठी रचलेलं आहे. तंत्र, कायदा आणि आरोग्याच्या बाबी मात्र खऱ्या आहेत, आणि अशा कामात नेमक्या याच जागी गाडी अडते.

मुंबईतली सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, एक मराठी मंडळी. नवरा ६१ वर्षांचा, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. मंडळीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. बायको ५८ वर्षांची, महापालिकेच्या रुग्णालयात आयुष्यभर परिचारिका, त्यामुळे चर्चमध्येही सिस्टरच. सीएनआय आणि चर्च ऑफ युगांडा या दोन्ही चर्च अँग्लिकन कम्युनियनच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं असलेल्या चर्चांच्या जागतिक परिवाराच्या, सदस्य आहेत, आणि त्या ओळखीतून मध्य युगांडातल्या एका धर्मप्रांताचं (बिशपच्या हाताखालच्या विभागाचं) पत्र आलं. गावातला हापसा दोन वर्षं बंद आहे, लोक दलदलीकाठच्या उघड्या झऱ्याचं पाणी पितात, नवीन बोअरसाठी हात द्या, असा मजकूर. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीने एका बैठकीत ठरवूनही टाकलं. हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावात जमलेले पैसे बोअरसाठी द्यायचे, आणि भाऊ-सिस्टरनी तीन महिने तिथं राहून काम करून घ्यायचं.

हेतू निखळ होता. पण पत्रातलं पहिलंच वाक्य चुकीचं निघालं. हापसा बंद नव्हता, लोकांनी तो सोडून दिला होता. त्याच पैशांत नवा बोअर मारला असता, तर तोही दोन-तीन वर्षांत लोकांनी सोडला असता.

निघण्याआधी

पहिली अडचण पैशांची. चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला आणि आयकरात सवलत घेणारा. अशा ट्रस्टने आपलं उत्पन्न भारताबाहेरच्या कामावर खर्च केलं, तर त्या रकमेवरची करसवलत जाते. १९६१ च्या आयकर कायद्याने अपवाद ठेवला तो फक्त भारताला रस असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामापुरता, आणि त्यालाही सीबीडीटीची, म्हणजे आयकराच्या केंद्रीय मंडळाची, परवानगी लागते. कमिटीतल्या एकाने सुचवलं, “भाऊ, तुम्हीच रोख घेऊन जा ना, देवाच्या कामाला कोण विचारतंय?” असं मुळीच करू नये. हिशेब-तपासणीत त्या रकमेचा माग लागत नाही, आणि परकीय चलनाचा कायदा मोडला जातो तो वेगळाच.

मार्ग साधा होता. लिलावाचे पैसे ट्रस्टकडे मुंबईतल्याच कामासाठी राहिले. ज्यांना युगांडासाठी द्यायचं होतं, त्यांनी वैयक्तिक देणगी आपापल्या बँकेतून थेट त्या धर्मप्रांताच्या खात्यावर पाठवली. परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. त्यासाठी बँकेत फॉर्म ए-२ भरायचा, पॅन द्यायचा, आणि परदेशातल्या धार्मिक-धर्मादाय संस्थेला देणगी हा उद्देश निवडायचा. या रकमेवर देणगीदाराला आयकरातली देणगीची सवलत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०जी) मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावं. नंतर कळलं की कुरबुर होते. विमानभाडं, विमा आणि राहण्याचा खर्च जोडप्याने स्वतःचा स्वतः केला.

दुसरी गोष्ट परवान्याची. पर्यटक व्हिसावर जाऊन सेवाकार्य करणं म्हणजे यजमान चर्चला अडचणीत आणणं. स्वयंसेवक आणि मिशनरी लोकांसाठी तिथल्या इमिग्रेशनची वेगळी सोय आहे आणि अर्ज यजमान संस्थेने करायचा असतो. यात आठवडे जातात. तिकीट नंतर काढा.

पिवळ्या तापाची लस युगांडात शिरायला लागते, आणि परतताना भारतातही तिचं कार्ड बघतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. मात्र साठीनंतर पहिल्यांदा घेताना दुष्परिणामाचा धोका वाढतो, त्यामुळे ६१ वर्षांच्या भाऊंना आधी फिजिशियनकडून तपासून घ्यावं लागलं. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिली. जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि परतल्यावर आणखी चार आठवडे. लोक घरी पोचले की गोळ्या सोडतात, आणि मलेरिया मग मुंबईत उपटतो. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, मूळ वेष्टनात, औषधाचं शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट.

तिसरी गोष्ट सिस्टरना जड गेली. मंडळीतल्या लोकांनी प्रेमाने दोन बॅगा भरून औषधं आणून दिली होती. ती मुंबईतच राहिली. युगांडात औषधांची आयात नॅशनल ड्रग अथॉरिटीच्या अखत्यारीत येते, आणि तिथल्या नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्या परिचारिकेने इंजेक्शन देणं तर सोडाच, गोळीही वाटायची नसते. पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला हात बांधून बसायला सांगणं कठीण आहे. पण त्या हात बांधून बसल्या म्हणूनच पुढचं निदान लागलं.

निघण्याआधी भाऊंनी पालघर जिल्ह्यात पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर काही दिवस काढले. ही तयारी प्रत्येकाने करावी. फिटरला पाइप नवा नसतो, पण बोअरमध्ये लोंबकळणारी पाइपांची ओळ ही वेगळीच गोष्ट आहे. दोन पाइप जोडणारा एक सॉकेट सुटला की खालचं सगळं कायमचं बोअरमध्ये.

तोच हापसा, दगड वेगळा

भाऊंना आत्मविश्वास होता त्याला कारण होतं. त्या गावात बसवलेला यू-टू हापसा म्हणजे आपल्या इंडिया मार्क टूचंच युगांडातलं रूप. आणि मार्क टूचं मूळ महाराष्ट्रात आहे. जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी आणि स्थानिक मिस्त्रींनी बोअरवरच्या बिडाच्या पंपांना कंटाळून पोलादी पंप घडवले. बिडाचे पंप मुळात एका घराच्या वापरासाठी बनलेले, शंभर घरं त्यांवर तुटून पडली की मोडायचे. सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारने सोलापूर पंपाचा पाया धरून मार्क टू तयार केला. दांड्याला साखळी जोडलेली, त्यामुळे रॉड सरळ वर-खाली जातो, सांध्यावर आडवा ताण येत नाही. सिलिंडर ६३.५ मिलिमीटरचा. एका हापशाला साधारण ४०० मिलिलिटर पाणी, म्हणजे मिनिटाला ४० हापसे मारले तर १५ लिटरच्या आसपास. खाली ३२ मिलिमीटरचे जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप, तीन-तीन मीटरचे, एकाखाली एक जोडलेले.

महाराष्ट्रात हे पाइप वर्षानुवर्षं टिकतात. आपला बहुतेक भाग काळ्या बसाल्टचा, त्यातलं भूजल साधारणपणे किंचित अल्कधर्मी, पीएच सातच्या वर. अशा पाण्यात जस्ताचा थर तग धरतो. युगांडाचा मोठा भाग ग्रॅनाइट आणि नीस या जुन्या खडकांचा. त्यांच्या कुजलेल्या थरातलं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी असतं. पीएच ६.५ च्या खाली गेला की जीआय पाइप वापरू नये, हा जगभर मान्य झालेला नियम आहे, कारण जस्त भराभर उतरतं आणि मग उघडं लोखंड विरघळायला लागतं. ही गोष्ट पालघरच्या पथकाला माहीत असायचं कारण नाही. कोकणात जांभ्याच्या पट्ट्यात काम केलेल्यांना कदाचित असेल, तिथलं पाणीही आम्लाकडे झुकतं.

पहिला पंधरवडा

पोचल्यावर हापसा उघडायचा नाही, हे ठरलेलं होतं. आधी धर्मप्रांताच्या विकास विभागाबरोबर जाऊन जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याची भेट आणि लेखी संमती, मग उप-काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याखालच्या विभागाचं, कार्यालय, मग गावच्या लोकल काउन्सिलचे अध्यक्ष. हा क्रम मोडला तर पुढे एखादा भाग तुटल्यावर जबाबदारी कोणाची, हा वाद सुटत नाही.

गावातल्या पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी भाऊंना विचारलं, पंप केवढ्याला देणार? यात वावगं काही नव्हतं. युगांडात भारतीय माणूस म्हणजे व्यापारी, विशेषतः हार्डवेअरवाला, ही ओळख शंभर वर्षांची आहे. रेल्वे बांधायला नेलेले मजूर, मागोमाग गेलेले दुकानदार, १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांची केलेली हकालपट्टी आणि नंतरचं परतणं, हा सगळा इतिहास गावकऱ्यांना ठाऊक असतो. म्हणून पहिल्या दिवशीच नियम केला, की जोडपं एकही सुटा भाग विकत घेणार नाही किंवा निवडून देणार नाही. खरेदी गावची पाणी समिती करेल.

बैठक चर्चच्या आवारात ठेवली होती, ती दुसऱ्या वेळेपासून झाडाखाली हलवली. गावात मुस्लिम घरं होती, आणि चर्चच्या दारात पाण्याची बैठक झाली तर पाणी चर्चचं होतं. भाऊ-सिस्टर रविवारी उपासनेला जात, बोलावलं तर आपल्या विश्वासाची साक्षही देत. पण पाण्याच्या कामाला कुठल्याही प्रार्थनेची अट नाही, हे समितीच्या वहीत लिहून घेतलं. आमच्या मते सेवाकार्याचा हा कणा आहे. ज्याच्या नावाने तुम्ही जाता त्या येशूने परक्या समाजातल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तिला आधी अट घातली नाही.

भाऊ गावच्या हापसा मेकॅनिकबरोबर हापशाच्या डोक्यावरचा गंज बघत होते. सिस्टर पहाटे बायकांबरोबर झऱ्यावर जात. वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन, उतार, परतीचा चढ. त्यांनी पहिल्या आठवड्यात काहीही शिकवलं नाही, फक्त कॅन धरायला मदत केली आणि दुभाषी मुलीच्या मदतीने एकच प्रश्न विचारत राहिल्या: हापसा शेवटचा कधी चालवला? उत्तरं जुळेनात. कोणी म्हणे दोन वर्षं झाली, कोणी म्हणे परवा कपडे धुवायला. म्हणजे पाणी येत होतं.

मग एका घरात त्यांनी त्या पाण्याचा चहा करून बघितला. चहा तांबूस न होता निळसर काळा पडला. केळीचा मटोके शिजवला तर तोही काळवंडतो, शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर पिवळट-तांबडे डाग बसतात, बायका म्हणाल्या. चहापत्तीतल्या टॅनिनची लोहाशी गाठ पडली की असा काळा रंग येतो. संध्याकाळी त्या भाऊंना म्हणाल्या, “अहो, दांडा-बेअरिंग राहू द्या. पाण्यात लोखंड उतरतंय. ते कुठून येतंय ते आधी बघा.”

जोडप्याने जाण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. एकटा पुरुष झऱ्यावर बसू शकत नाही, आणि एकट्या बाईला मेकॅनिक पाइप उघडू देईलच असं नाही. मात्र यासाठी रोज संध्याकाळी दोघांनी अर्धा तास समोरासमोर बसून वही लिहायला हवी, आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय गावाला कसलाही शब्द द्यायचा नाही.

लोखंड कुठून येतंय

लोह दोन ठिकाणांहून येऊ शकतं: जमिनीतल्या पाण्यातून, किंवा गंजणाऱ्या पाइपांतून. पहिलं असेल तर पाइप बदलून उपयोग नाही, गाळणीचा विचार करावा लागतो. दुसरं असेल तर पाइप बदलले की प्रश्न सुटतो. फरक ओळखायची चाचणी स्वस्त आहे, तरी कोणी करत नाही.

आदल्या संध्याकाळी हापशाला साखळी-कुलूप लावलं. पहाटे पहिला हापसा मारल्या मारल्या नमुना घेतला, मग न थांबता हापसत राहून १५, ३० आणि ६० मिनिटांनी. रात्रभर पाइपात आणि बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी येतं, जमिनीतलं ताजं पाणी नंतर. बोअरची केसिंग, म्हणजे आतली अस्तराची नळी, १२५ मिलिमीटरची, पाण्याचा स्तंभ ३० मीटर, म्हणजे साचलेलं पाणी सुमारे ३७० लिटर. तेवढं उपसल्याशिवाय ताजं पाणी बघितलं असं म्हणता येत नाही. लोह जागेवरच मोजायचं. बाटली घेऊन शहरातल्या प्रयोगशाळेत नेईपर्यंत ते तळाशी बसतं. पीएचही हापशापाशीच, पाणी बाहेर पडताच. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की आकडा वर सरकतो आणि पाणी आहे त्यापेक्षा बरं दिसतं. खिशातला मीटर वापरत असाल तर त्याच सकाळी पीएच ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) जुळवून घ्या.

आकडे असे आले. पहिल्या नमुन्यात लिटरला १२ मिलिग्रॅम लोह, १५ मिनिटांनी ५, अर्ध्या तासाने २, तासाने ०.५. पीएच ५.९. म्हणजे जमिनीतलं पाणी ठीक होतं. ०.३ च्या वर डाग आणि चव जाणवायला लागते, पण ०.५ चं पाणी लोक पितात. बाकीचं सगळं लोखंड पाइपांचं होतं. लोक हापसा सोडून गेल्याने पाणी आणखी साचत गेलं आणि आणखी लाल होत गेलं, म्हणून उरलेलेही गेले.

दोन साध्या चाचण्या आणखी. मिनिटाला ४० हापसे मारून बादलीत मोजलं तर ९ लिटर. मग अर्धा तास थांबून पुन्हा हापसलं. पाच हापशांच्या आत पाणी यायला हवं, इथं चौदा लागले. म्हणजे तळाची झडप तरी गळते किंवा पाइपाला भोकं आहेत. दोन्ही खरं निघालं.

पाइप वर काढताना

सिलिंडर ३६ मीटरवर, म्हणजे बारा पाइप आणि बारा रॉड. एक पाइप साडेनऊ किलोच्या आसपास, रॉड पावणेतीन, आत पाणी. पूर्ण ओळ पावणेदोनशे किलोच्या पुढे जाते. सात-आठ माणसं लागतात, आणि सूचना एकानेच द्यायच्या. इथं त्या गावच्या हापसा मेकॅनिकने दिल्या. भाऊ पान्यावर होते, हुकमावर नव्हते.

आधी झाकण काढून साखळीला आधाराचं हत्यार लावायचं, साखळीचा बोल्ट सोडायचा, आस पंचने ठोकून दांडा बाहेर. मग डोकं उतरवायचं, पाण्याची टाकी लिफ्टरने उचलून खाली पाइपाला आवळून धरणारा सेल्फ-लॉकिंग क्लॅम्प. आता जपायचं ते क्लॅम्पला. तो पाइपाच्या अंगावर मध्येच कुठेतरी लावू नये, सॉकेटच्या लगेच खाली लावावा. पकड सुटली तरी सॉकेटचा काठ क्लॅम्पवर अडतो आणि ओळ खाली जात नाही. गंजलेल्या पाइपाची भिंत इतकी पातळ झालेली असते की क्लॅम्पचे दात त्यात रुततात.

पाचव्या पाइपावर हेच घडलं. पाना फिरवला आणि सॉकेटमध्ये न फिरता पाइप आट्यांपाशीच मोडला. तुटलेल्या कडेवर नारिंगी पापुद्रे होते, भिंत जागोजागी कागदासारखी. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, म्हणून गंज नेहमी तिथून सुरू होतो. खालचे सात पाइप आणि सिलिंडर क्लॅम्पवर, सॉकेटच्या काठाने अडून राहिले. क्लॅम्प फूटभर खाली असता, तर चांगला बोअर त्या क्षणी निकामी झाला असता, आणि मग खरोखरच नवा खणायची वेळ आली असती. वर आलेल्या बारांपैकी चार पाइपांना आरपार भोकं होती, झडपेचं रबर चिरलेलं होतं.

नवीन ओळ स्टेनलेस ३०४ ची ठरली. समितीच्या तिघांनी, त्यात दोन बायका, कंपालाला जाऊन तीन दुकानांची लेखी दरपत्रकं आणली. स्टेनलेस म्हणून विकला जाणारा प्रत्येक पाइप ३०४ नसतो आणि नुसत्या चुंबकाने ते कळत नाही, म्हणून बिलावर दर्जा लिहून घेतला आणि पाइपाचा एक तुकडा पुढच्या तपासणीसाठी जिल्हा कार्यालयात ठेवला. रॉडही बाराच्या बारा स्टेनलेसचे. पैसे वाचवायला जुने लोखंडी रॉड नव्या पाइपात घातले, तर दोन धातूंच्या जोडीत लोखंड आणखी वेगाने गंजतं. स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात, हे भाऊंना वर्कशॉपमुळे माहीत होतं. आटे ब्रशने साफ करायचे, टेफ्लॉन टेप लावायची, अर्धं हाताने बसवायचं आणि मगच पाना. घाई केली की सॉकेट कायमचा चिकटतो आणि पुढच्या वेळी पाइप कापावा लागतो.

बसवून झाल्यावर निर्जंतुकीकरण. ३७० लिटरला १०० मिलिग्रॅम प्रति लिटर या हिशेबाने ६५ टक्के क्लोरीनचं एचटीएच (पाणी निर्जंतुक करायची पावडर) साधारण ५७ ग्रॅम, बादलीत विरघळवून बोअरमध्ये, रात्रभर ठेवून सकाळी वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी गुरांच्या वाटेवर सोडू नये. मग पुन्हा मोजणी केली: ४० हापशांत १५ लिटर, पहाटेच्या पहिल्या नमुन्यात लोह ०.६. ओट्याच्या भेगा बुजवल्या, सांडपाण्याचा पाट पुढे वाढवला.

पुढच्या वेळचे पैसे

जवळपास ७० घरं. घरामागे महिन्याला हजार शिलिंग, पण दर तीन घरांतलं एक देणार नाही असं धरूनच हिशेब करावा. म्हणजे महिन्याला ४६-४७ हजार, वर्षाला साडेपाच लाख शिलिंग. वर्षातून एकदा मेकॅनिकची फेरी, वॉशर, झडपेचं रबर, बेअरिंग आणि थोडी शिल्लक एवढं त्यात बसतं. समितीने आधी ‘मोडल्यावर गोळा करू’ असं म्हटलं होतं. तसं केलं की मोडल्यावर लोक झऱ्यावर जातात आणि पैसे गोळा होतच नाहीत.

गावात बायकांचा बचत गट चालत होता, तीन कुलपांच्या पेटीचा. सिस्टरना मुंबईतल्या वस्तीतल्या महिला बचत गटांची चांगली माहिती, त्यांनी सहज सुचवलं की पाण्याचे पैसे गटातच फिरवा, व्याजाने वाढतील. दुभाषी मुलीनेच त्यांना थांबवलं. आपल्याकडे गटाचं भांडवल बँकेत साठत जातं. तिथले गट नऊ ते बारा महिन्यांच्या फेरीअखेर पेटी उघडून सगळी रक्कम सभासदांत वाटून टाकतात, शाळेची फी आणि नाताळ त्यावरच निघतात. पाण्याचे पैसे त्यात मिसळले असते तर डिसेंबरात वाटले गेले असते. शेवटी पेटीत वेगळ्या रंगाची पिशवी, वेगळी वही, आणि त्यातून कर्ज दिलं तर फेरी संपण्याच्या एक महिना आधी परतफेड, असा नियम झाला. खजिनदार बाईकडे पावतीपुस्तक, मोठी रक्कम मोबाइल मनीवर, काढायला तिघांची संमती.

सगळं सुटलं नाही. शेजारची प्राथमिक शाळा दिवसाला सर्वांत जास्त पाणी नेते आणि आपल्याकडे तरतूद नाही म्हणून काहीच देत नाही. हा प्रश्न जोडप्याने सोडवायचा नव्हता, तो उप-काउंटीच्या बैठकीत समितीने मांडला आणि लोंबकळत आहे. मेकॅनिक दर तीन महिन्यांनी दोनच आकडे लिहितो, ४० हापशांचं पाणी आणि अर्ध्या तासानंतरचे हापसे. ते जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात जातात, मुंबईला नाही. मंडळीला फोटो हवे होते. समितीने हापशाचा आणि वहीच्या पानाचा पाठवला, पाणी पिणाऱ्या मुलांचा पाठवला नाही, आणि ते बरोबर केलं.

राहिले जुने पाइप. रिवाजाप्रमाणे काढलेलं सामान मेकॅनिकचं, आणि आठ पाइप वरून बरे दिसत होते. असे पाइप घासून-रंगवून दुसऱ्या गावच्या हापशात जातात, आणि तिथंही वर्ष-दोन वर्षांत पाणी लाल होतं. त्याला तसेच देणं बरोबर नव्हतं, आणि काढून घेणं म्हणजे त्याच्या कमाईवर घाव. समितीसमोर बाराही पाइप हॅक-सॉने एक-एक मीटरचे कापले. तुकडे त्याने भंगारात वजनावर विकले. पुन्हा वापरायला विकले असते तर जास्त आले असते, तो फरक समितीने पाण्याच्या पिशवीतून त्याला पावतीवर दिला.